जुन्या रेसिंग सायकलची फिक्स्ड गिअर करताना आधी मागची खाच पाहावी

फिक्स्ड गिअर सायकलला, म्हणजे चाक फिरते तोवर पेडलही फिरतच राहते अशा सायकलला, चेन ताणणारा डिरेलर (गिअर बदलणारी यंत्रणा) नसल्याने चेनचा ताण मागचे चाक पुढे-मागे सरकवूनच राखावा लागतो. म्हणून चाक बसते ती खाच आडवी असलेलीच फ्रेम निवडावी. उभ्या खाचेची फ्रेम, रंग कितीही देखणा असला तरी, या कामी सोडून द्यावी. जुन्या रेसिंग फ्रेमची मागची रुंदी बहुधा १२६ किंवा १३० मिलिमीटर असते आणि ट्रॅक हबची (फिक्स्ड गिअरसाठीच्या मागच्या चाकाच्या तुंब्याची) १२० मिलिमीटर, त्यामुळे उरलेली जागा एक्सलवर वॉशर घालून भरावी आणि पुढची व मागची दातेरी चकती एका सरळ रेषेत आहे याची खात्री करावी.

जुन्या फ्रीव्हीलच्या (पेडल थांबले तरी चाक फिरू देणाऱ्या चकतीच्या) हबवर साधी चकती आवळून काम भागवण्याचा मोह मात्र टाळावा. पेडल मागे दाबून वेग कमी करताना ती चकती सुटू शकते. ट्रॅक हबवर उलट्या आट्यांची लॉकरिंग (चकती जागेवर धरून ठेवणारी कडी) असते ती याचसाठी.

सोलापूरच्या बहुतांश सपाट रस्त्यांसाठी पुढे ४४ आणि मागे १७ दाते ही जोडी पुरेशी ठरते. पुढचा ब्रेक काढू नये, कारण विजापूर रोडवरच्या रहदारीत केवळ पायांच्या जोरावर सायकल वेळेत थांबत नाही. पहिल्या फेरीनंतर लॉकरिंग पुन्हा आवळावी.