घन शिकवायचा तर आधी खडू खाली ठेवा

पाचवी-सहावीची भूमिती शिकवायला नव्यानेच सुरुवात करत असाल, तर त्रिमितीय आकारांचा धडा फळ्यावरून सुरू करू नका. फळ्यावरच्या घनाची मागची बाजू दिसत नाही. चित्रात 3 पृष्ठं, 9 कडा आणि 7 शिरोबिंदूच दिसतात, आणि मूल इमानदारीत तेवढेच मोजतं. मग आपण 6, 12, 8 पाठ करून घेतो आणि परीक्षा झाली की ते विसरतं.

इंदूरला रामबागेत मी शिकवणी घेते. मुलं घरी मराठी, शाळेत हिंदी बोलतात. कुणी पृष्ठ म्हणतं, कुणी फलक. दोन्ही चालतं, वस्तू हातात हवी.

टूथपेस्टचा रिकामा खोका उलगडायला द्या. आत दुमडलेल्या पट्ट्या मात्र आधी कापून टाका, नाहीतर त्याही पृष्ठांत मोजल्या जातात. उरतात 6 आयत, समोरासमोरच्या जोड्या सारख्या. घनाच्या अशा वेगवेगळ्या घडणी, म्हणजे उलगडून सपाट केलेले आकार, 11 होतात; त्या मुलांनाच शोधू द्या, घाई करू नका.

मोजण्यामागचं कारणही सांगा. घनाची 6 पृष्ठं, प्रत्येकाच्या 4 बाजू, म्हणजे 24. पण प्रत्येक कड दोन पृष्ठांच्या वाटणीची, म्हणून 12. प्रत्येक कोपऱ्यात तीन पृष्ठं भेटतात, म्हणून 24 भागिले 3, शिरोबिंदू 8. हे एकदा कळलं की सूची (पिरॅमिड) असो वा त्रिकोणी चिती (प्रिझम), कोष्टक पाठ करावं लागत नाही.

माझा सगळ्यात आवडता तास बटाट्याचा. बटाट्याचा घन कापा आणि एक कोपरा थोडासा छाटा. छाटण्याआधी विचारा, शिरोबिंदू किती उरतील? बहुतेक जण म्हणतात 7. मग बोट फिरवून मोजायला लावा. एक गेला, पण तिथे त्रिकोणी पृष्ठ आलं आणि तीन नवे शिरोबिंदू आले: पृष्ठं 7, शिरोबिंदू 10, कडा 15. आता पृष्ठं आणि शिरोबिंदूंची बेरीज करून कडा वजा करा. आधी 6 + 8 − 12 = 2, आता 7 + 10 − 15 = 2. गणितज्ञ ऑयलरचं हे 18व्या शतकातलं सूत्र मुलं स्वतः पडताळतात, तेव्हा वर्गात जो गलका होतो तो होऊ द्या.

वृत्तचितीला, म्हणजे गोल डब्याच्या आकाराला, मात्र ते लावू नका. तिची पृष्ठं 3, वक्र कडा 2, शिरोबिंदू एकही नाही. उत्तर 1 येतं. सूत्र सपाट पृष्ठांच्या, आरपार भोक नसलेल्या आकारांसाठी आहे.

शंकूसाठी शेवेची पुडी घ्या. तिचं तोंड सारखं कापून ती उलगडली की मुलांना वाटतं तसा त्रिकोण निघत नाही, वर्तुळपाकळी निघते. टोकापासून काठापर्यंत पट्टी कुठेही लावा, माप तेच. ती तिरकस उंची. लंब उंची त्याहून कमी भरते, आणि ती मोजायला पुडी पुन्हा वळून टेबलावर पालथी घालावी लागते.