मराठी मजकुराची प्रश्नचिन्हं झाली तर

कोथरूडच्या एका छोट्या ऑफिसात ग्राहकांचे पत्ते एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये भरत होतो. टाकलं ‘पुणे’, दिसलं ‘????’. अर्धा दिवस फॉन्ट बदलण्यात घालवला, तोही फुकट! फॉन्ट नसेल तर साधारणपणे चौकोन दिसतात. सलग प्रश्नचिन्हं दिसली की आधी टेबलावर संशय घ्या.

टीएसक्यूएलमध्ये, म्हणजे या सर्व्हरला आज्ञा द्यायच्या भाषेत, नुसत्या अवतरणचिन्हांतला मजकूर डेटाबेसच्या कोडपेजमधून, म्हणजे अक्षरांच्या ठरावीक यादीतून, जातो. नेहमीच्या इंग्रजी कोडपेजात देवनागरी नाहीच, त्यामुळे प्रत्येक अक्षर, काना, मात्रा यांच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह बसतं. कॉलम एनव्हारचार, म्हणजे कुठल्याही लिपीचा मजकूर ठेवणाऱ्या प्रकारचा, असला तरी सुटका नाही. सुरुवातीच्या अवतरणचिन्हाला चिकटून कॅपिटल एन हवाच: N'पुणे'.

हा एन शोधतानाही लागतो. तो विसरून ‘हडपसर’ शोधलंत, तर खरं हडपसर सापडणार नाही, उलट बिघडलेलं ‘बाणेर’ हाती लागेल. दोन्हींची पाच-पाचच प्रश्नचिन्हं होतात ना!

घोटाळा नुसता दिसण्यातला आहे की डेटाच गेलाय, हे युनिकोड फंक्शनने कळतं. ते पहिल्या अक्षराचा क्रमांक देतं. ‘पुणे’साठी 2346 आला तर मजकूर शाबूत आहे. 63 आला तर ते खरंच प्रश्नचिन्ह आहे. बॅकअप शोधा किंवा पुन्हा टाइप करा.

2019 च्या आवृत्तीपासून यूटीएफ-8 कोलेशन (मजकूर साठवण्याची आणि तुलना करण्याची सेटिंग, जिच्यात सगळ्या लिपी मावतात) मिळतं, तिथे साध्या व्हारचार प्रकारच्या कॉलममध्येही मराठी राहतं. पण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात, तेव्हा कॉलमची लांबी सढळ हाताने ठेवा.