ओटीत आलेल्या खणाची आठवणींची पेटी

आमच्या साताऱ्यात कुठल्याही घरातलं कपाट उघडा, ओटीत आलेल्या खणांची चळत हमखास सापडते. चोळ्या शिवायचे दिवस गेले. आता हे खण एकीच्या ओटीतून दुसरीच्या ओटीत हिंडत असतात. त्यातलाच एक बाजूला काढा, जुनी पत्रं जपायची पेटी मढवायला तो कामाला येईल.

खोका मात्र पेढ्याचा नको. माझ्या आजीने आजोबांची फौजेतून आलेली आंतरदेशीय पत्रं कंदी पेढ्यांच्या खोक्यात जपून ठेवली होती. पेढा संपला तरी पुठ्ठ्यात तूप राहतंच. आज त्या पत्रांच्या कडांना तुपाचे पिवळे डाग आहेत. बुटाचा खोका घ्या, अंगठ्याने दाबला तरी न वाकणारा आणि सुटं झाकण असलेला.

पुढची मापं २५ सेंमी लांब, १८ रुंद आणि ९ उंच खोक्याची आहेत. झाकणाची कड ३ सेंमी. तुमचा खोका वेगळा असेल तर आकडे त्याप्रमाणे बदला.

सगळं अडतं ते झाकणापाशी. माझा पहिला खोका दिसायला देखणा झाला, पण झाकण बसेना. जोर लावला तर कोपरा फाटला. कारण साधं होतं: खोक्याला बाहेरून खण, झाकणाला आतून खण, आणि मधे फट जेमतेम दोन कागदांची. म्हणून झाकणाखाली जाणाऱ्या वरच्या ३ सेंमी पट्ट्यावर खण लावायचाच नाही, तिथे पातळ सुती अस्तर लावायचं. कात्री हातात घेण्याआधी अस्तराचा नि खणाचा एकेक तुकडा खोक्याच्या चारी बाजूंना धरून झाकण लावून बघा. अडकलं तर खोकाच बदला.

खण आधी तपासायचा. ओला पांढरा रुमाल त्याच्या कोपऱ्यावर दाबा. रंग उतरला तर तो खण पेटीला नको, डिंकाचा ओलावा लागला की रंग पसरणार. उलट्या बाजूने कोमट इस्त्री करा. कर्नाटकातल्या गुळेदगुड गावचा खण असेल तर दोन्ही बाजूंची किनार कापून टाकू नका, आपल्याला तीच हवी आहे. किनारीचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे तिथे कापड दुमडावं लागत नाही.

आता कापायला घ्या. दोन्ही किनारींकडून ४५ सेंमी लांब आणि ८ सेंमी रुंद अशी एकेक पट्टी. उरलेल्या मधल्या भागातून झाकणाचा ३६ × २९ सेंमीचा तुकडा. अस्तराची पट्टी ७ सेंमी रुंद आणि ८८ सेंमी लांब.

चिकटवायला पांढरा फेव्हिकॉल घ्या, पाणी न घालता. पाणी घातलं की डिंक कापडातून वर येतो आणि खणावर डाग राहतो. कणकेची खळ तर नकोच. कसर खळीवर टपलेलीच असते आणि खळ खाता खाता ती पत्रांपर्यंत पोचते. डिंक कापडाला लावायचा नाही, पुठ्ठ्याला लावायचा. तो पसरायला जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा ब्रशपेक्षा बरा पडतो.

आधी अस्तर लावा, ४ सेंमी बाहेर आणि ३ सेंमी आत. मग खणाच्या पट्ट्या. किनार वर, झाकणाच्या कडेला टेकेल अशी. खाली उरलेलं २ सेंमी कापड तळाला वळवायचं. दोन पट्ट्यांचा एक जोड मागच्या कोपऱ्यावर आणि दुसरा त्याच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यावर आणा, म्हणजे चटकन नजरेत येणार नाहीत. मधून कडेकडे हात फिरवत बसवत जा, नाहीतर हवेचे फुगे राहतात.

तळ झाकण्याआधी अर्धा इंच रुंद साटीनची रिबन सव्वा मीटर घ्या आणि तिचा मधला भाग तळाला आडवा चिकटवा. ही पायरी लोक हटकून विसरतात, मग शेवटी रिबन सैल, लोंबती राहते. त्यावर २४.५ × १७.५ सेंमीचा पुठ्ठा कापडात गुंडाळून लावला की तळ झाला. रिबनची टोकं तिरकी कापून मेणबत्तीच्या ज्योतीच्या कडेला निमिषभर धरा. साटीन पॉलिएस्टरचं असेल तर कड वितळून बंद होते. सुती रिबन पेट घेते, तिच्या टोकाला डिंकाचा थेंब पुरतो.

झाकणावर पाव इंचाचा स्पंज ठेवला तर पेटी गुबगुबीत दिसते. घरात फाटकी वाकळ असेल तर तिचा तुकडा स्पंजापेक्षाही छान. वर खण घालताना वहीला कव्हर घालतो तसंच करायचं: आधी लांब बाजू, मग आखूड. कोपऱ्यावरचं जादा कापड तिरकं कापा, पण पुठ्ठ्याच्या टोकापासून दोन-तीन मिलिमीटर सोडून, नाहीतर टोक उघडं पडतं. झाकणाच्या कडेभोवती एक इंची रिबन, ९० सेंमी. माझं मत विचाराल तर तिथे जुन्या इरकलीचा काठ लावा. मोती, आरसे, कापडी गुलाब यांतलं काही चिकटवू नका. खणाच्या बुट्ट्या बघायच्या तर त्यांना मोकळी जागा हवी.

आतून लग्नपत्रिकांचे तुकडे आतल्या मापापेक्षा ३ मिमी आखूड कापून, सुती कापडात गुंडाळून बसवा. आतलं सगळं ओबडधोबड त्याखाली झाकलं जातं.

जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढू नका. साताऱ्याच्या पावसात डिंक वाळता वाळत नाही आणि पेटीला कुबट वास धरतो. कोरड्या दिवसातही झाकण उघडं ठेवून आठवडाभर पंख्याखाली राहू द्या. पत्रं त्यानंतर आत. रबर काढून टाका, ते वितळून कागदाला चिकटतं. त्याऐवजी सुती नाडीची सैल गाठ. वेखंडाचा तुकडा ठेवायचा तर छोट्या पुरचुंडीत, पत्रांना न टेकता.