मराठी व्हिजिटिंग कार्ड: मजकूर लिहिण्यापासून गठ्ठा ताब्यात घेईपर्यंत

व्हिजिटिंग कार्ड छापायचे ठरले की बहुतेक जण थेट डीटीपीवाल्याकडे जातात, त्याच्या संगणकावरील जुन्या नमुन्यांतून एखादा पसंत करतात आणि नाव-नंबर तोंडी सांगून मोकळे होतात. कार्ड बहुधा याच अर्ध्या तासात बिघडते. एका बाजूला मराठी व दुसऱ्या बाजूला इंग्रजी मजकूर असलेले कार्ड करायचे असेल, तर आणखी काळजी घ्यावी लागते, कारण बाजारातील बहुतेक तयार नमुने रोमन अक्षरांच्या मापाने आखलेले असतात.

पहिली पायरी मजकुराची. नाव, पद किंवा व्यवसाय, एकच मोबाइल क्रमांक, ई-मेल आणि पत्ता एवढे पुरेसे असते. सेवांची दहा ओळींची यादी हे हँडबिलाचे काम आहे. मजकूर तोंडी न सांगता युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर टाइप करतो त्या प्रमाणित पद्धतीने, टाइप करून पाठवावा. अनेक दुकानांत आजही श्री-लिपीसारख्या संचांतील जुने, युनिकोड नसलेले फाँट वापरले जातात आणि तुमचा मजकूर त्यांत रूपांतरित करताना किंवा पुन्हा टाइप करताना जोडाक्षरे बिघडू शकतात, म्हणून ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांच्यातील फरक, रफार आणि अनुस्वार रूपांतरानंतर पुन्हा तपासावेत. डिझाइनचे सॉफ्टवेअर जुने असेल किंवा त्यात भारतीय लिप्यांची मांडणी निवडलेली नसेल, तर ‘क्लिनिक’मधील पहिलीच वेलांटी भलत्या जागी जाऊन बसते.

दुसरी पायरी मापाची. आपल्याकडे साडेतीन बाय दोन इंच, म्हणजे सुमारे ८९ × ५१ मिलिमीटर हे माप रूढ आहे, तरी काही छापखाने थोडे वेगळे माप वापरतात, तेव्हा आधी विचारून घ्यावे. पार्श्वभूमीला रंग असेल तर तो चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर वाढवावा, म्हणजे फाइल ९५ × ५७ मिलिमीटरची होईल. या वाढीव भागाला ब्लीड म्हणतात. गठ्ठा कापताना सुरी केसभर सरकतेच आणि ब्लीड नसेल तर कडेला कागदाची पांढरी रेघ दिसते. त्याच कारणाने मजकूर कडेपासून आत किमान ४ मिलिमीटर ठेवावा.

आता अक्षरे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या व रफार असतात, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे अवयव लोंबतात. त्यामुळे इंग्रजी बाजूला ७ पॉइंटांत वाचता येणारा पत्ता मराठी बाजूला साडेआठ-नऊ पॉइंटांचा करावा लागतो आणि दोन ओळींतील अंतरही वाढवावे लागते. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. फाँट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का, हेही पाहावे. हिंदी वळणाची अक्षरे चुकीची नव्हेत, पण मराठी डोळ्याला ती खटकतात. गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या बारीक अक्षरांचा मोह मात्र टाळावा, कारण शाई किंचित पसरली तरी अक्षरांच्या पोकळ्या भरून जातात.

छपाई सीएमवायके म्हणजे सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबीसर), पिवळा आणि काळा (के) या चार रंगांत होते, त्यामुळे पडद्यावरचा झळझळीत केशरी कागदावर थोडा मळकट उतरतो. फाइल सुरुवातीपासूनच सीएमवायकेमध्ये करावी. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत, के १०० टक्के असा ठेवावा. चार शाया मिसळून केलेला काळा रंग एखाद्या शाईची प्लेट जराशी सरकताच धूसर दिसतो. छायाचित्र असेल तर ते छपाईच्या मापाला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) हवे. लोगो मात्र व्हेक्टर स्वरूपातच, म्हणजे कितीही मोठा केला तरी न फाटणाऱ्या रेषांच्या फाइलमध्ये, मागावा. क्यूआर कोड द्यायचा असेल तर तो साधारण २ सेंटिमीटरचा, फिक्या पार्श्वभूमीवर गडद आणि भोवती मोकळी जागा ठेवून घ्यावा.

छपाईला देण्यापूर्वी सर्व अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे फाँटऐवजी आकृतीच्या रूपात, बदलून पीडीएफ करावी, म्हणजे छापखान्यात तो फाँट नसला तरी अक्षरे जशीच्या तशी राहतात. मग कागदावर नमुना काढून त्यावरील क्रमांक स्वतः फिरवून पाहावा आणि क्यूआर दोन वेगवेगळ्या फोनवर तपासावा. हे मी एकदा आळसाने टाळले आणि दोन आकड्यांची अदलाबदल झालेली हजार कार्डे पुढे बाजाराच्या याद्या लिहिण्यात संपवली.

कागद ३०० ते ३५० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) घ्यावा. मॅट लॅमिनेशन हाताला छान लागते, पण त्यावर साधे बॉलपेन नीट उमटत नाही. ज्यांना कार्डावर पुढच्या भेटीची तारीख लिहून द्यावी लागते, त्या डॉक्टरांनी किंवा वकिलांनी एक बाजू लॅमिनेशनविना ठेवावी. स्पॉट यूव्ही (ठरावीक जागीच चकाकणारा थर), फॉइल वगैरे सजावट नावापुरती किंवा लोगोपुरती शोभते.

शंभर-दोनशे कार्डे हवी असतील तर डिजिटल छपाई परवडते, हजारांसाठी ऑफसेट, म्हणजे प्लेट बनवून केलेली छपाई. ऑफसेटमध्ये स्वस्त दरासाठी एकाच शीटवर अनेक ग्राहकांची कार्डे एकत्र लावतात आणि शाईचे प्रमाण सगळ्या शीटसाठी मिळून ठरते. म्हणून मागच्या वेळचाच रंग हुबेहूब मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. गठ्ठा ताब्यात घेताना वरचे, मधले आणि तळाचे कार्ड काढून कटाई पाहावी, आणि पीडीएफबरोबर मूळ संपादनयोग्य फाइलही मागून घ्यावी, म्हणजे पत्ता बदलल्यावर सगळे काम पहिल्यापासून करावे लागणार नाही.