गळा घेऊन मैदानात उतरताना

कॉलेजात मी कबड्डीत चढाई करायचे, आता गाणं शिकवते. 'बसून तर गायचं, त्यात कसली मेहनत?' असं कुणी म्हटलं की मी तंबोरा लावते आणि म्हणते, एका श्वासात सा धरा.

सुरुवात दमसासापासून करा. चढाई 30 सेकंदांची असते. पाय पळत असतात, पण 'कबड्डी, कबड्डी' तुटू द्यायचं नाही. गाण्यातही श्वास असाच पुरवून वापरायचा. सकाळी ताठ बसून खर्ज भरा, म्हणजे अगदी खालचे स्वर लांब धरा. श्वास घेताना खांदे उचलले गेले तर तो वरवरचा आहे. पोट आणि बरगड्यांच्या कडा फुलायला हव्यात. घड्याळ लावायला हरकत नाही, पण गळा आवळून सेकंद वाढवू नका. स्वर हलला की सोडा. क्षयातून उठलेल्या कुमार गंधर्वांनी छोट्या, नेमक्या स्वरसमूहांतून केवढी गायकी उभी केली! तेव्हा दम कमी म्हणून रडत बसू नका.

खेळाडूचं सगळंच मात्र उचलू नका. मांडी भरून आली की खेळाडूला कळतं. स्वरतंतू तसे ओरडून सांगत नाहीत. पेटीची चौथी काळी पट्टी म्हणजे काळी चार; त्या पट्टीत गाणाऱ्या बाईचा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, साधारण 415 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला चारशेवर वेळा स्वरतंतू एकमेकांवर आदळतात. म्हणून विश्रांती घड्याळावर घ्या, दुखण्याची वाट पाहू नका. माझ्या वर्गात वीस मिनिटं रियाज, मग दहा मिनिटं गप्प. गप्प म्हणजे कुजबुजही नाही.

मोठ्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी तारसप्तकात, म्हणजे वरच्या स्वरांत, 'ऊ'कारात अगदी हळू स्वर लावून बघा. उशिरा लागला किंवा त्यात हवा मिसळली तर त्या दिवशी ताना, म्हणजे भरभर घ्यायचे स्वर, बंद. घोगरेपणा दोन-तीन आठवडे टिकला तर ज्येष्ठमध चघळत बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. पाणी मध्यंतरात ढोसून फारसा उपयोग नाही; ते अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंवरून नाही. दिवसभर थोडं थोडं प्या. वाफ मात्र थेट पोचते.

आता मनाचं. चढाईला जाताना भीती वाटली तर ती पायांत उतरवता येते, उलट जोर चढतो. गाताना तीच भीती घशाशी येते. ग्रीनरूममध्ये चार मात्रांत श्वास घ्या, आठ मात्रांत सोडा, असं काही वेळ करा. पहिली चीज (बंदिश) मध्यसप्तकातली, अंगवळणी पडलेली निवडा.

दुःखाचं गाणं याहून अवघड. माझ्या एका विद्यार्थिनीला आजीच्या तेराव्याला अभंग म्हणायचा होता. तिला सांगितलं, आधी घरी शब्द नुसते वाच, रडायचं ते तिथे रडून घे, रोज. गाताना आईकडे बघू नकोस, समोरच्या भिंतीकडे बघ. शेवटचं कडवं पेटीवाल्या काकांना माहीत असू दे, तू अडलीस तर ते उचलतील. हुंदका आला की गळा मिटतो, तिथे तालीम कामी येत नाही. तिने कडवं स्वतःच पुरं केलं, काकांनी फक्त एक ओळ धरली.

कार्यक्रम संपल्यावर पाच मिनिटं तोंड मिटून, वरून खाली गुणगुणत आवाज उतरवा. आवाज बसतो तो बहुतेकदा यानंतर, हॉलच्या गोंगाटात नातेवाइकांशी ओरडून बोलताना. भेटायला आलेल्यांना नुसते हात जोडा. बोलायला घरचे आहेत.