आराखडा कच्चा असतानाच इमारतीचा बांधकाम खर्च आणि आयुष्यभराचा खर्च कसा काढावा

एकूण बांधीव क्षेत्रफळ काढून त्याला नुकत्याच पूर्ण झालेल्या तशाच इमारतींच्या दर चौरस मीटर खर्चाने गुणावे. दर जुने असतील तर ते आधी किंमत निर्देशांकाने (भाव किती वाढले ते दाखवणाऱ्या आकड्याने) आजच्या भावावर आणावेत.

मात्र तेवढ्यावर थांबू नये. 20 × 20 मीटर आणि 10 × 40 मीटर या दोन्ही मजल्यांचे क्षेत्रफळ 400 चौरस मीटरच भरते, पण परिमिती 80 ऐवजी 100 मीटर होते, म्हणजे तेवढ्याच उंचीला बाहेरची भिंत 25 टक्क्यांनी वाढते. म्हणून पाया, सांगाडा, बाह्य भिंती, छत, अंतर्गत कामे आणि विद्युत-जलवाहिन्या यांचा खर्च वेगवेगळा मांडावा. अनपेक्षित खर्चाची तरतूदही स्वतंत्र ओळीत दाखवावी. ती दरांत मुरवली की पुढे कोणालाच सापडत नाही.

यानंतर हिशेबाचा कालावधी ठरवून ऊर्जा, देखभाल आणि बदलाव्या लागणाऱ्या भागांचे वर्षवार वेळापत्रक करावे.

खरी अडचण येते ती हे पुढचे खर्च आजच्या मूल्यात आणताना. सुरुवातीची काही वर्षे मी सगळे खर्च आजच्या भावाने लिहीत असे आणि वित्त विभागाकडून आलेला व्याजदर जसाच्या तसा लावत असे. त्या दरात महागाई आधीच धरलेली असते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे उदाहरण घ्या. एक थर 100 एककांत होतो, पण दर 10 वर्षांनी नव्याने घालावा लागतो; दुसऱ्याला 180 एकक लागतात आणि तो 30 वर्षे टिकतो. 30 वर्षांच्या हिशेबात दहाव्या आणि विसाव्या वर्षीचे 100 एकक दर वर्षासाठी एकदा 1.08 ने भागले, तर 8 टक्के दराने पहिल्याचे वर्तमान मूल्य 100 + 46.3 + 21.5, म्हणजे सुमारे 168 येते आणि तो स्वस्त दिसतो. महागाई 5 टक्के असेल तर वास्तव दर (महागाई वगळून उरणारा दर) 1.08 ÷ 1.05 − 1, म्हणजे सुमारे 2.86 टक्के होतो. त्या दराने तोच हिशेब 100 + 75 + 57, म्हणजे 232 वर जातो आणि निर्णय उलटतो. अशाच चुकीच्या हिशेबावरून मी एकदा कमी टिकणाऱ्या थराची शिफारस केली होती आणि ती दुरुस्त करण्याची संधी मला पुन्हा मिळाली नाही.

म्हणून आजच्या भावांना वास्तव दर आणि महागाईसह वाढवलेल्या भावांना बाजारातला, महागाई धरलेला दर, ही जोडी कधीही मोडू नये. 8 मधून 5 वजा करून 3 टक्के धरले तरी या टप्प्यावर चालते. न वजा करता पुढे जाणे मात्र अजिबात चालत नाही. वास्तव दर एका टक्क्याने वर-खाली करून पाहावा आणि तेवढ्यानेच पर्यायांचा क्रम बदलत असेल, तर दोन्ही उत्तरे मालकासमोर ठेवावीत.

अंतिम आकडा एकच न देता पल्ल्याच्या रूपात द्यावा आणि धरलेला दर, कालावधी व भावांची तारीख त्याच पानावर लिहावी.