ऑप-अ‍ॅम्पचा बायस करंट: या चुका टाळा

तासगाव भागातल्या द्राक्षबागेत ठिबकवर बसवलेला पीएच कंट्रोलर. तक्रार: "सकाळी ब्येस चालतंय, दुपारी येड्यागत करतंय." प्रोब बदलून झाला, केबल बदलून झाली, दुखणं तिथंच. इनपुटला टीएल०७२ हा ऑप-अॅम्प, म्हणजे बारीक व्होल्टेज वाढवणारी आयसी. तिच्या इनपुट पिनेतून जो बारीकसा करंट वाहतो, तो बायस करंट. "इनपुटला जेफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) आहे, बायस करंट नाहीच" असं म्हणून लावलेला.

आता हिशेब मांडा. काचेच्या प्रोबचा रेझिस्टन्स १०० मेगाओहम धरू. टीएल०७२ चा टिपिकल बायस करंट ६५ पिकोअँपिअर, म्हणजे ६.५ मिलिव्होल्टची चूक. सकाळी बफरमध्ये (ठरावीक पीएचच्या द्रावणात) कॅलिब्रेशन केलं की ती झाकली जाते. पण तो आकडा २५ अंशांचा आहे, आणि जेफेटचा बायस करंट दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो. खरड छाटणीच्या दिवसांत उन्हात टांगलेली पेटी आतून ५५ अंशांवर गेली, की ६५ चे ५२० पिको होतात आणि चूक ५२ मिलिव्होल्टवर जाते. एक पीएच म्हणजे सुमारे ५९ मिलिव्होल्ट. सकाळच्या तुलनेत रीडिंग पाऊण पीएचनं सरकलं, टाकीतलं पाणी होतं तसंच, आणि ॲसिडचा पंप भलत्याच आकड्यावर चालतोय. हे सगळं टिपिकल धरून. डेटाशीटमध्ये मॅक्झिममच्या रकान्यात २०० पिको लिहिलंय, ते वाचायचे कष्ट कुणी घेत नाही.

प्रोब फेकण्याआधी एवढं करा. प्रोब काढून त्याचा बीएनसी कनेक्टर शॉर्ट करा आणि आउटपुट लिहून ठेवा. मग शॉर्टच्या जागी १०० मेगाओहमचा रेझिस्टर लावून पुन्हा बघा. इनपुटच्या हिशेबात (आउटपुटचा फरक भागिले गेन, म्हणजे सर्किट किती पट वाढवतं ते) जेवढा फरक पडला, त्याला १०० मेगाओहमनं भागा: बायस करंट आणि बोर्डाची गळती मिळून तो आकडा. आता आयसीवर हेअर ड्रायर धरा. रेझिस्टर असताना रीडिंग पळतं पण शॉर्ट असताना जागचं हलत नाही, तर गुन्हेगार सापडला. शॉर्ट असतानाही पळत असेल तर तो ऑफसेट ड्रिफ्ट, म्हणजे आयसीची स्वतःची व्होल्टेजची चूक तापमानानं सरकणं; त्याचा इलाज वेगळा.

इथं एलएमसी६४८२ लावावा: मॅक्झिमम ४ पिको. पिना त्याच, म्हणून घाईत लोक टीएल०७२ च्याच सॉकेटमध्ये खोचतात आणि ±१२ व्होल्टवर जाळतात. त्याला एकूण १५.५ व्होल्टपर्यंतच सप्लाय चालतो, ±५ द्या.

आयसी बदलूनही पावसाळ्यात रीडिंग हललं तर बोर्ड बघा. शेजारच्या ५ व्होल्टच्या ट्रॅकपासून फ्लक्सच्या थरातून १० गिगाओहमची वाट झाली, तरी ५०० पिको आत शिरतात. महाबळेश्वर-जावळीकडच्या दमट हवेत असा थर पुरेसा. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवा, नीट वाळवा, इनपुटभोवती त्याच व्होल्टेजची गार्ड रिंग (तांब्याच्या ट्रॅकचं कडं) फिरवा. गार्ड नसलेल्या बोर्डावर इनपुटची पिन उचलून हवेतच जोडणी केलेली बरी. दिसतं गावठी, चालतं चोख.

दुसरी चूक नवशिक्यांची लाडकी: सिग्नल कपॅसिटरमधून थेट प्लस पिनवर, तिथून ग्राउंडला रेझिस्टर नाही. बायस करंटनं जायचं कुठून? एलएम३५८ चा टिपिकल ४५ नॅनोअँपिअर पिनमधून बाहेर येतो, तो १ मायक्रोफॅरॅडला सेकंदाला ४५ मिलिव्होल्टनं चढवतो. गेन असेल तर आउटपुट बघता बघता टोकाला चिकटतं. मग कुणीतरी १ मेगाओहम लावतो: टिपिकल ४५ मिलिव्होल्ट, मॅक्झिमम २५० नॅनोला पाव व्होल्टचा ऑफसेट. १०० किलोओहम लावा, नाहीतर आयसी बदला.

प्लस पिनला आर१ आणि आरएफ (गेन ठरवणारे दोन रेझिस्टर) यांच्या समांतर किमतीचा रेझिस्टर डोळे मिटून लावू नका. ७४१ ला तो उपयोगी, कारण दोन्ही पिनांचे करंट जवळपास सारखे असतात. ओपी०७ मध्ये आतच बायस करंटचं कॅन्सलेशन असतं. तिथं त्या रेझिस्टरनं फक्त नॉइज वाढतो.

ऑफसेट करंटचा (दोन पिनांच्या बायस करंटमधल्या फरकाचा) रकाना बायस करंट म्हणून वाचू नका.

आणि हाय-इम्पीडन्स पिनवर साधा मल्टिमीटर टेकवू नका; त्याचे १० मेगाओहमच सिग्नल खाली ओढतात. मोजायचं ते ऑप-अ‍ॅम्पच्या आउटपुटला.